हवेत वहिनी किती

माझ्या नणंदेइतकी संशयी बाई उभ्या मुंबईत दुसरी सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. गैरसमज नको, माणसांवर तिचा भाबडा विश्वास आहे. कोणीही रडवेलं तोंड करून काहीही सांगावं, तिला ते पटतं. तिचा संशय असतो तो मापांवर. घड्याळ, तराजू, शिंप्याची टेप, स्वयंपाकघरातली वाटी, औषधाच्या बाटलीचं झाकण ही सगळी मंडळी तिच्या लेखी जामिनावर सुटलेली असतात. लग्न होऊन मी गिरगावातल्या फणसवाडीत आले त्याच आठवड्यात मला ताप भरला. सासूबाईंनी थर्मामीटर काढला, तर हिनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि आधी घरातल्या सगळ्या धडधाकट माणसांचा ताप मोजला. सासूबाईंचा, माझ्या नवऱ्याचा, स्वतःचा आणि विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकूंचासुद्धा. मी गोधडीत कुडकुडत पडले होते. शेवटी माझी पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, तुला ताप आहे. पण या थर्मामीटरच्या मते काकूंनाही थोडासा आहे, तेव्हा तेवढा तुझ्यातून वजा कर." काकू विरजण न घेताच घरी गेल्या आणि दोन दिवस पडून राहिल्या.

आमच्या भिंतीवरचं घड्याळ पुढे चालतं. कोणीही सुज्ञ माणूस काटे मागे सरकवेल, पण तिनं कोणाला हात लावू दिला नाही. "ते पुढे आहे हा त्याचा दोष नाही," ती म्हणते. "रोज तेवढंच पुढे असतं ना? मग ते चांगलं घड्याळ आहे. चुकणाऱ्याचं काही नाही गं, सारखं वेगवेगळं चुकणाऱ्याची भीती." हे तिचं आयुष्याचं तत्त्वज्ञान, आणि याच तत्त्वज्ञानापायी तिचं लग्न राहिलं. तिला बघायला एक मुलगा आला होता. नोकरी उत्तम, दिसायला नेटका, घरचे लोक गरीब गाईसारखे. हिनं त्याला विचारलं, वाचनाची आवड आहे का? तो म्हणाला, खूप. मग चहाच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा तो म्हणाला, वेळ मिळेल तशी. निघताना जिन्यात तिसऱ्यांदा विचारलं तर तो बिचारा घाबरून म्हणाला, सध्या सोडलंय. ती मंडळी गेल्यावर आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो. "मुलगा वाईट नाही," ती म्हणाली, "पण मोजता मोजता सरकतो." त्यानंतर कोणी आलं नाही. तिलाही त्याची खंत दिसली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. ती सासरी गेली असती तर आमच्या घरातली निम्मी करमणूक गेली असती.

लग्नानंतर मी थट्टेनं तिला जुन्या चालीप्रमाणे "वन्सं" अशी हाक मारली होती. ती तिला इतकी आवडली की अजून तीच चालू आहे. जेवताना कोणत्याही पदार्थाला नावाजण्याआधी ती घोटभर पाणी पिऊन तोंड कोरं करते. मग एक घास, पुन्हा पाणी, पुन्हा घास. "आमटी छान झालीय," ती सांगते, "अधिक-उणे एक चिमूट मीठ." हे अधिक-उणे तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला असतं. पत्रिका देऊन कोणी विचारलं, लग्नाला येणार ना, तर ती म्हणते, येणार, अधिक-उणे एक दिवस. एका लग्नाला ती खरोखरच आदल्या दिवशी जाऊन आली होती. तिथे हॉलवाल्यांचा बारशाचा कार्यक्रम चालू होता, आणि तिनं बाळाच्या हातात आहेर ठेवला होता.

ती एका संशोधन संस्थेत हवा मोजते. हवा म्हणजे वारा नव्हे. हवेत तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे कण कशाचे बनले आहेत, हे सांगणारं एक यंत्र आहे. ते हवा आत ओढतं, कण तापलेल्या धातूवर आपटून त्यांची वाफ करतं, वाफेचे बारीक तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याचं वस्तुमान सांगतं. पहिल्यांदा तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मग झालं की, कळलं सगळं." तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. पाट्यावरचं वाटण पुढे ठेवून म्हणाली, "यात खोबरं किती, धणे किती, मिरची किती, ते नुसतं बघून सांग." मी म्हटलं, कसं सांगणार, सगळं एकजीव झालंय. "यंत्राचंही तसंच," ती म्हणाली. "त्याच्यापुढे नुसतं वाटण येतं. आधी त्याला एकटं खोबरं दाखवायचं, मग एकटे धणे. मोजून, पुन्हा पुन्हा. मग ते वाटणातलं खोबरं ओळखतं. हे शिकवणं म्हणजे माझी नोकरी." आणि ओळखलं तरी ते कितपत खात्रीनं ओळखलं, हे काढायला पुढे तिचं गणित असतंच. मला त्या गणितातलं काही कळत नाही, पण ते करताना ती पेन्सिलीचं टोक कानात घालते आणि फार आनंदात असते, एवढं मी सांगू शकते.

ही सगळी मजा चालू होती तोवर ठीक होतं. मग सासूबाईंचा खोकला बळावला. खोकला जुनाच होता, पण आता दोन वाक्यं सलग बोलू देईना. डॉक्टर म्हणाले, छाती हवेनं धरली आहे, हवा बदला. थोरले दीर, घरात सगळ्यांचे अण्णा, बदलापूरला राहतात, त्यांच्या खिडकीतून डोंगर दिसतो. त्यांनी लगेच आईसाठी खोली रंगवून घेतली. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण सासूबाई वेंगुर्ल्याहून लग्न करून ज्या खोलीत आल्या, त्याच खोलीत त्यांनी आपला सगळा संसार केला होता. त्यांना डोंगराचं काय कौतुक? "मी खंय जावचंय नाय," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. जेवायला उठवलं तर म्हणाल्या, "थंय माझा कोण हा? डोंगराशी बोलू?" ऐकून मला भडभडून आलं. माझं नि त्यांचं रोज वाजायचं, पण त्या घरात नाहीत अशी मला कल्पनाच करवेना. दिरांनी मुदत दिली. महिनाभरात हवेचा काही निकाल लागला तर ठीक, नाहीतर ते शेवटच्या रविवारी गाडी घेऊन येतील.

नणंदेनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "हवा वाईट आहे म्हणता, पण कुठली हवा? रस्त्याची की घरातली? कोणाची?" तिच्या संस्थेला जुन्या दाट वस्तीतली हवा मोजायचीच होती. तिनं रीतसर परवानग्या काढल्या आणि एका सकाळी आमच्या गॅलरीच्या टोकाला दोन कपाटांएवढं ते यंत्र येऊन बसलं. चार हमाल, दोन पंप, एक नळी आणि अखंड घरघर. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बापाशीचा घोरणा ह्याच्यापरास बरा होता." वाडीतले लोक रांगेनं बघून गेले. कोणी नळीत फुंकर मारली, कोणी विचारलं की यात गाणी लागतात का. रोज सकाळी नणंद त्याला एका ठरावीक मिठाचे एकसारखे कण मोजून खाऊ घालायची. पाठवले तितके कण त्यानं सांगितले तरच त्या दिवशी त्याच्या बोलण्यावर विश्वास. ते बघून सासूबाईंनी देवघरातून टोमणा मारला, "देवाच्या आधी ह्येका निवेद." पंपाची बाजू कोमट असते, हा शोधही त्यांचाच. त्यांनी तिथे उडदाचे पापड वाळत टाकले, आणि त्या दिवशी नणंद संध्याकाळपर्यंत आकड्यांपुढे डोकं धरून बसली होती.

मग तिनं मला शिकवणीला धरलं. मला म्हणजे माझ्या फोडणीला. यंत्रानं घरचा स्वयंपाक ओळखायचा तर त्याला घरचा स्वयंपाक दाखवायला हवा. मी ऑफिसला जाण्याआधी कढई, तेल, मोहरी, हिंग, मिरची घेऊन गॅलरीत उभी, आणि ती नळी धरून. "दे," ती म्हणायची. मी द्यायचे. "आता तशीच पुन्हा दे." पुन्हा द्यायचे. "ही वेगळी झाली. मघाशी तू शांत होतीस, आता रागात दिलीस." मी म्हटलं, "वन्सं, फोडणी रागातच द्यायची असते." असं आठवडाभर चाललं. मोहरी तिनं तोलून आणलेली, तेल तिनं मापलेलं, आणि खाली चौकातून लोक ओरडायचे, "वहिनी, नुसता वासच पाठवताय, पोहे कधी?" शेवटी माझी फोडणी यंत्राच्या स्मरणात पक्की बसली. यादीत तिला नाव द्यावं लागतं, म्हणून नणंदेनं नाव दिलं "वहिनी".

मग निकाल येऊ लागले. रोज संध्याकाळी ती दिवसभराची सरासरी वाचून दाखवायची. वाहनं इतकी, रस्त्यापलीकडचा कचऱ्याचा धूर इतका, आणि बाकी सगळी वहिनी. पहिल्या दिवशी मला जरा अभिमानच वाटला. तिसऱ्या दिवशी चाळीतल्या बायका मला बघून तोंडाला पदर लावू लागल्या. "आज हवेत वहिनी किती?" असं माझा नवरा ऑफिसातून आल्या आल्या विचारायचा आणि चपला काढता काढता हसायचा. दिरांनी फोनवर नाजूकपणे सुचवलं की उकडलेलं अन्न प्रकृतीला चांगलं. मी मुळुमुळु रडले, मग फोडणी निम्मी केली, मग बंदच केली. आम्ही सगळे पथ्याचं जेवू लागलो. तरी वहिनी कमी होईना, आणि सासूबाईंचा खोकलाही.

वैतागून मी दादरला माहेरी निघून गेले. आईच्या हातची भरपूर फोडणीची कढी खाल्ली आणि दोन दिवसांनी परत आले, तर नणंद जिन्यातच उभी. चेहरा असा की लॉटरी लागली आहे. "वहिनी, तू नव्हतीस."

"नव्हते."

"तरी तू होतीस. तितकीच."

मी पिशवी खाली ठेवली. "म्हणजे मी दादरला बसून गिरगावात धूर केला?"

"अगं, तेच तर. यंत्राला घरातलं म्हणून फक्त तूच माहीत आहेस. जे त्याला कळत नाही, ते सगळं तुझ्या नावावर टाकतं."

"हे यंत्र आहे की सासू?" मी जिन्यातच ओरडले. आत सासूबाई तांदूळ निवडत होत्या. एरवी अशा वाक्याला त्यांच्याकडून ताबडतोब उत्तर आलं असतं. त्या दिवशी त्यांनी मान खाली घालून तांदूळच निवडले.

आपलं चुकलं हे कळल्यावर माझ्या नणंदेला जो आनंद होतो, तो इतरांना बरोबर ठरल्यावरही होत नसेल. तिनं जाहीर केलं की यंत्राची शिकवणी अपुरी आहे, आता वाडीभरचे वास शिकवायचे. पुढचे काही दिवस ती नळी आणि पिशव्या घेऊन उंडारत होती. कोणाची चकली, कोणाची धूपबत्ती, इस्त्रीवाल्याचे कोळसे. एका सकाळी आम्ही दोघी कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेलो. तिथे बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि ही होड्यांच्या आडोशाला बसून त्यांची हवा पिशवीत भरत होती. जाळं विणणारी एक कोळीण बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "काय गो बाय, मासली सोडून वास नेतंस?" नणंद म्हणाली, "वासच हवाय, मावशी. किती घेऊ?" मावशीनं हात पसरून सगळा किनारा दाखवला. "घे वो, कवा पन ये." येताना टॅक्सीवाल्यानं चारही काचा उतरवल्या आणि गिरगावापर्यंत आमच्याशी बोलला नाही.

यादी वाढली तशी हवेतली वहिनी घटली, आणि मी पुन्हा कढई चढवली. पण शेवटी एक शिल्लक राहिलीच. नणंदेनं दिवस तासातासानं फोडून पाहिला, तर ती दुपारची निघाली. आम्ही सगळे ऑफिसात आणि सासूबाई झोपलेल्या असतात, तेव्हाची. त्या वेळेला चौऱ्याऐंशी या वस्तुमानाचा तुकडा भसकन वर यायचा. "चौऱ्याऐंशी," ती दात घासतानाही पुटपुटायची. मग एका संध्याकाळी माझ्या नवऱ्यापुढे उभी राहून म्हणाली, "दादा, चौऱ्याऐंशी म्हणजे तंबाखू."

लग्न ठरताना मी एकच अट घातली होती, सिगरेट सोडायची. त्यानं सोडली होती, निदान मी तसं धरून चालले होते. आता मी त्याचे शर्ट हुंगले, खिसे उलटे केले, दुपारी ऑफिसात फोन करून तो जागेवर आहे का ते विचारलं. तो आईची, माझी आणि ऑफिसची शपथ घेत होता. नणंद म्हणाली, शपथेचं माप नसतं, ओढून दाखव. आणि शास्त्रासाठी म्हणून माझ्या नवऱ्यानं माझ्या देखत, नळीपाशी उभं राहून, डोळे मिटून एक सिगरेट ओढली. इतक्या भक्तिभावानं त्याला कशाच्याही पुढे उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. आकडे पाहून नणंद म्हणाली, "हा तो नाही. तंबाखू आहे, पण सिगरेटची नाही."

"अजून एकदा तपासून बघ हवं तर," माझा नवरा म्हणाला. मी त्याच्या हातातून पाकीट काढून घेतलं.

शेवटचा रविवार दोन दिवसांवर आला होता. सासूबाईंनी स्वतःच आपल्या साड्या एका पिशवीत भरायला घेतल्या होत्या, आणि आम्ही कोणी तिकडे बघत नव्हतो. नणंदेच्या संस्थेतला सिद्धार्थ नायगावच्या बीडीडी चाळीत राहतो. यंत्राचा पुढचा मुक्काम त्याच्याकडे, म्हणून ती जागा बघायला निघाली आणि मलाही बरोबर घेतलं. पलीकडे नव्या इमारती ढगात गेल्या होत्या, अलीकडे जुन्या चाळींतले लोक सामान बांधायच्या बेतात होते. आम्ही जिना चढत होतो, आणि पहिल्या माळ्याच्या वळणावर माझी नणंद जागच्या जागी थांबली. तिनं पाणी प्यायलं नाही, तोंड कोरं केलं नाही, काही नाही. नुसता श्वास आत ओढला. वर सिद्धार्थची आई तव्यावर मशेरी भाजत होती. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना लावायची, ती मशेरी. सिद्धार्थ तिच्यावर ओरडत होता, "आई, किती वेळा सांगितलं, छातीत जातो तो धूर. आणि आज तर पाहुणे येणार म्हणून सांगितलं होतं."

नणंद आत जाऊन चुलीपाशी खालीच बसली. "काकू, अजून एकदा भाजाल? मला मोजायचंय."

काकूंनी मुलाकडे पाहिलं. "बघ. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी भाज म्हणतंय. शिक काहीतरी." आणि त्यांनी मोठ्या ऐटीत नवी तंबाखू तव्यावर टाकली. धुरानं आमचे डोळे चुरचुरले. परत येताना बसमध्ये नणंद पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिला मोजायची गरज नव्हती, मलाही नव्हती. सासूबाई पूर्वी मशेरी लावायच्या. खोकला सुरू झाला तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी सगळ्यांसमोर आपला डबा लेकीच्या हातात दिला होता, आणि तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला आम्ही कौतुकानं सांगत आलो होतो की आईंनी एका दिवसात सोडली, मागे वळून पाहिलं नाही.

तरी तिनं मोजलंच. चौऱ्याऐंशी जुळला, आजूबाजूचे सगळे तुकडे जुळले. शनिवारी दुपारी ती गॅलरीत आईजवळ जाऊन बसली. मी स्वयंपाकघरात भांडी न वाजवता उभी राहिले.

"आई, दुपारचं कोण ते सापडलं."

सासूबाईंनी घरघरणाऱ्या पंपाकडे तोंड वळवलं. मग सासूबाई म्हणाल्या, "तुझा ह्या यंत्र तुझ्या बापाशीवर गेला. तो पण दारात येऊन नुसता हुंगायचा. बोलायचा काय नाय."

"का गं आई?"

"दुपारची तुमी सगळी जातास. घर खायला उठता." त्या थांबून खोकल्या. "तवो ठेवलंय, वास इलो, की वाटता माझी आवस, तुझी आजी, बसलीहा बाजूक. तेवढीच सोबत." आणि मग लहान मुलीसारख्या आवाजात, "अण्णाक सांगू नको गो. तो सगळ्यांका सांगात."

आता अडचण अशी होती की माझी नणंद खोटा आकडा सांगू शकत नाही. नाही म्हणजे शरीरानंच सांगू शकत नाही, तिला पुरळ उठेल. खरा आकडा सांगितला तर सासूबाई फणसवाडीत राहतील, पण मान खाली घालून. नाही सांगितला तर हवाच वाईट ठरेल आणि त्या मान वर करून बदलापूरला जातील. रविवारी दीर आले. गाडी खाली उभी, साड्यांची पिशवी दाराशी. नणंद कागद न घेता बोलायला उभी राहिली. वाहनांचा धूर आहे, पण एवढा नाही, ती म्हणाली. मुख्य कारण घरातलंच आहे, दुपारचं आहे, आणि बंद करता येण्यासारखं आहे. आईला कुठे हलवायची गरज नाही.

"छान," दीर म्हणाले. "पण कारण काय?"

नणंदेनं तोंड उघडलं. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "माझी फोडणी, भाऊजी. दुपारची. यापुढे झाकण ठेवून देईन."

दुपारी मी ऑफिसात असते हे दिरांना पक्कं ठाऊक होतं. पण घरात फोडणी केव्हा पडते हे कुठल्या पुरुषाला ठाऊक असतं? त्यांनी समजुतीनं मान हलवली आणि पुन्हा एकदा उकडलेल्या अन्नाचे फायदे सांगितले. मी बघत होते नणंदेकडे. थर्मामीटरला, घड्याळाला, नवऱ्या मुलाला कधी सूट न देणारी ही बाई, तिच्या डोळ्यांदेखत तिच्याच मोजमापात मी धडधडीत खोटं मिसळलं होतं. तिचा चेहरा लाल झाला. मग ती हळूच म्हणाली, "अधिक-उणे." एवढंच. तेवढ्यावर तिनं ते खोटं निभावून नेलं. त्या दिवशी सुरमईचा मधला तुकडा, जो आजवर फक्त मुलग्यांच्या ताटात जायचा, तो सासूबाईंनी माझ्या पानात वाढला आणि वर म्हणाल्या, "खा गो. फोडणी बरी जाता तुझी."

सोमवारी त्यांनी आपणहून तवा काढला. शेवटची, म्हणाल्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या, यंत्रासमोर पाट मांडून बसल्या आणि भाजायला घेतली. "नीट मोज हां," त्यांनी लेकीला बजावलं. "माझा हा ता दुसऱ्या कोणाच्या नावार घालू नको." नणंद नळी धरून उभी होती. धूर डोळ्यांत गेला असं म्हणाली. यादीत तिनं नाव लिहिलं "आई". यंत्र होतं तोवर ती रोज दुपारची घरी येऊन गॅलरीत आकडे बघत बसायची. आकडे संस्थेत बसूनही दिसतात, हे मला सिद्धार्थनं नंतर सांगितलं. मायलेकी काहीबाही बोलत असायच्या, बहुतेक वेंगुर्ल्याच्या आजीबद्दल. यंत्र नायगावला गेल्यावर मी ऑफिसच्या वेळा बदलून घेतल्या. चौऱ्याऐंशी खाली आला. शून्यावर आला का, मी विचारलं. "शून्य कधी येत नसतं, वहिनी," ती म्हणाली. सासूबाई पुढे फणसवाडीतच राहिल्या, खोकत, भांडत, घोरणाऱ्या नवऱ्याची आणि घरघरणाऱ्या यंत्राची तुलना करत. गेल्या त्याही तिथूनच, आपल्या खोलीतून, दुपारच्या झोपेत.

तिनं शिकवलेली ती यादी अजून चालते. यंत्र शहरात कुठेही जाऊन बसलं तरी त्याच्या स्मरणात आम्ही असतो. कुठल्या कुठल्या अनोळखी घरांतल्या फोडण्या ते माझ्या नावानं ओळखतं, आणि गुपचूप सिगरेट ओढणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी माझा नवरा आहे. परवा मी आमटी करत होते. नणंदेचा फोन आला. यंत्र पुन्हा नायगावात होतं. जुनी चाळ आता रिकामी होत आली आहे, मशेरीवाल्या काकूसुद्धा लवकरच नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहायला जातील, तिथे तवा कोण काढणार. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "वहिनी, आज दुपारी इथल्या हवेत आई आहे."

तेल तापत होतं. मी विचारलं, "किती?"

"थोडीच," ती म्हणाली, आणि पुढचं अधिक-उणे म्हणायला विसरली. पहिल्यांदाच. त्या रविवारपासून मी फोडणीवर झाकण ठेवत आले होते, त्या दिवशी ठेवलं नाही.